नॅरोगेजचे इंजिन १:२४ प्रमाणात: मोजमापापासून रुळावर चालेपर्यंत

विदर्भात राहून वाफेच्या इंजिनाचे मॉडेल करायचे असेल, तर परदेशी इंजिनांचे आराखडे शोधत बसायची गरज नाही. मूळ इंजिन हाताशी आहे. नागपूरला मोतीबागेत २००२ साली सुरू झालेल्या नॅरोगेज रेल्वे संग्रहालयात सीसी वर्गाचे ६७७ क्रमांकाचे इंजिन उभे आहे. बंगाल-नागपूर रेल्वेसाठी ग्लासगोच्या नॉर्थ ब्रिटिश लोकोमोटिव्ह कंपनीने हा वर्ग बांधला. चाकांची मांडणी ४-६-२, म्हणजे पुढे चार छोटी चाके, मधे सहा मोठी, मागे दोन, टेंडर (कोळसा-पाण्याची जोडगाडी) वेगळे. मुर्तिजापूरहून यवतमाळ आणि अचलपूरकडे जाणारी शकुंतला ही गाडी १९९४ पर्यंत वाफेवर धावली, तिचीही गेज (दोन रुळांमधले अंतर) हीच: २ फूट ६ इंच, म्हणजे ७६२ मिमी. रूळ, स्लीपर, फलाट, पाण्याची टाकी यांचे संदर्भ त्या मार्गावर मिळतात, इंजिनाचे मोतीबागेत.

फोटो पाहून केलेले मॉडेल आणि टेप लावून केलेले मॉडेल यांतला फरक जाणकाराला लगेच कळतो. फोटोत धुराडे नेहमी थोडे उंच आणि चाके थोडी लहान भासतात. म्हणून मोजमाप आधी, चासी नंतर, आणि बॉयलर-कॅब सगळ्यात शेवटी. हा क्रम उलटा केलेली बरीच मॉडेल कपाटात उभी राहतात आणि कधीच चालत नाहीत.

प्रमाण कोणते घ्यायचे

७६२ मिमीला २४ ने भागले की ३१.७५ मिमी येतात. ३२ मिमीचा रूळ बाजारात तयार मिळतो, आणि पाव मिलिमीटरचा फरक डोळ्याला दिसत नाही. १:४८ केले तर १५.८८ मिमी लागतात. तिथे लोक १६.५ मिमीचा रूळ वापरतात, पण त्याचा हिशोब उलटा केला तर गेज ७९२ मिमी होते आणि समोरून पाहिल्यावर इंजिन थोडे फताडे वाटते. १:८७ ला ८.७६ मिमी येतात, ९ मिमीचा रूळ चालतो, पण तिथे कपलिंग रॉडची (मोठी चाके एकमेकांना जोडणाऱ्या पट्टीची) जाडी अर्ध्या मिलिमीटरवर येते. घरच्या हत्यारांनी ते काम नीट होत नाही.

पहिल्या इंजिनासाठी १:२४ घ्या. मूळ १० मीटर लांबी इथे ४१७ मिमी होते. सोनाराची करवत, कानस आणि गावातला लेथवाला एवढ्यावर काम निभते. वळणाची त्रिज्या ९०० मिमीपेक्षा कमी ठेवू नका. ४-६-२ इंजिनाची पुढची बोगी (चार छोट्या चाकांचा गाडा) त्याहून आखूड वळणावर सिलिंडरला घासते.

मोजायला जाताना

संग्रहालयात मोजमापासाठी आधी परवानगी घ्या. सोबत न्यायचे: ५ मीटरचा टेप, मोठा व्हर्नियर, ओळंबा, गुण्या, सुतळी, आणि १ मीटरची पट्टी जिच्यावर दर १० सेंटिमीटरला काळा-पांढरा रंग दिला आहे. ही पट्टी प्रत्येक फोटोत इंजिनाला टेकवून उभी ठेवायची, म्हणजे जे माप टेपने राहून गेले ते नंतर फोटोवरून काढता येते. फोटो शक्य तितक्या दुरून, झूम करून आणि इंजिनाशी काटकोनात काढा. जवळून काढलेल्या फोटोत कडेचे भाग वाकडे येतात, त्यावरून माप काढू नका.

सगळ्यात आधी ड्रायव्हिंग चाकांच्या, म्हणजे मधल्या मोठ्या चाकांच्या, केंद्रांमधली दोन अंतरे घ्या. ही चुकली की पुढचे सगळे चुकते. दोन्ही बाजूंनी मोजा आणि सरासरी घ्या. चाकाचा व्यास थेट मोजता येत नाही, कारण मधे रॉड येतात. ट्रेडवरून (चाकाच्या रुळावर टेकणाऱ्या भागावरून) सुतळी अर्धी फिरवा, लांबी दुप्पट करा आणि ३.१४ ने भागा. टायर झिजलेले असते, त्यामुळे आलेला आकडा मूळ नकाशापेक्षा थोडा कमी असणारच. आरे मोजा. क्रँकपिन (रॉड जिच्यावर बसतो ती चाकावरची पिन) चाकाच्या मध्यापासून किती दूर आहे ते मोजा. पिस्टनचा फेरा याच्या बरोबर दुप्पट असतो, म्हणजे क्रॉसहेड (पिस्टनच्या दांड्याचे टोक) ज्यावर सरकतो ती पट्टी किती लांब हवी ते आपोआप कळते.

फ्रेम चाकांच्या आत आहे की बाहेर, हे वाकून स्वतः पाहा. नॅरोगेजच्या बऱ्याच इंजिनांत फ्रेम चाकांच्या बाहेर असते आणि रॉड अ‍ॅक्सलच्या टोकाला बसवलेल्या वेगळ्या क्रँकवर चालतात. तसे असेल तर अ‍ॅक्सल तेवढा लांब कापावा लागतो. बॉयलरचा घेर सुतळीने, धुराडे आणि डोम (बॉयलरवरचा घुमट) तीन-तीन ठिकाणी, कॅबच्या खिडक्या, आणि रिव्हेट. रिव्हेटची एक ओळ मोजून तिची एकूण लांबी लिहून ठेवली तर पुरते.

साहित्य कुठे मिळते

पितळेचा पत्रा कासाराकडे किंवा जिल्ह्याच्या गावातल्या धातूच्या दुकानात वजनावर मिळतो. फ्रेमसाठी ३ मिमी जाड पट्टी, कपलिंग रॉडसाठी १६ गेज (१.६ मिमी), कॅब आणि टेंडरसाठी २२ गेज (०.७ मिमी), बॉयलरच्या आवरणासाठी ०.३ मिमी. भांड्याचा जुना पत्रा घेऊ नका. ठोकून ठोकून तो कडक झालेला असतो आणि वाकवताना रेषेवर फुटतो. घ्यावाच लागला तर मंद लाल होईपर्यंत तापवून थंड होऊ द्या, मग वाकवा.

तालुक्याच्या गावातले लेथवाले मोटरपंपाचे शाफ्ट आणि ट्रॅक्टरचे बुश वळवतात. चाके ते उत्तम करून देतात, फक्त सांगायची पद्धत असते. ‘थोडे टाइट ठेवा’ म्हटले की प्रत्येकाचे टाइट वेगळे. कागदावर मिलिमीटरमध्ये नकाशा काढा आणि तुमचा ५ मिमीचा अ‍ॅक्सल सोबत द्या, भोक त्यावर तपासूनच घ्या. चाकाची एकूण रुंदी ६ मिमी, फ्लँज (रुळाच्या आत उतरणारी कड) दीड ते दोन मिमी खोल, ट्रेडला दोन-तीन अंशांचा उतार. सहाही ड्रायव्हिंग चाके एकाच बैठकीत, एकाच सेटिंगवर वळवून घ्या. वेगवेगळ्या दिवशी वळवली की व्यासात दशांश मिलिमीटरचा फरक पडतो आणि इंजिन चालताना हलके डुलते. आरे लेथवर होत नाहीत. ते त्रिमिती प्रिंट करून चाकाच्या पोकळीत बसवता येतात, किंवा पत्र्यातून करवतीने कापता येतात.

चासी

इथे सगळ्यात जास्त वेळ द्या. क्रम असा:

१. आधी कपलिंग रॉड. दोन्ही बाजूंच्या पट्ट्या टिनच्या डागाने एकमेकींना चिकटवा. मोजलेल्या अंतरांवर पंच मारा आणि ३ मिमीची तीन भोके दोन्हींतून एकदमच पाडा. आकार आता कापायचा नाही.

२. फ्रेमच्या दोन पट्ट्याही डागाने जोडा. त्यांच्यावर रॉडची जोडी शिकंजात आवळा आणि रॉडच्या भोकांतूनच फ्रेमला ३ मिमीची भोके पाडा. पहिले भोक झाले की त्यात ३ मिमीची सळई घाला, म्हणजे पुढचे पाडताना काही सरकत नाही. असे केले की रॉडचे अंतर आणि अ‍ॅक्सलचे अंतर एकच होते, कोणतीही मोजणी न करता. नंतर फ्रेमची भोके ५ मिमीपर्यंत वाढवा. शेवटचा हात रीमरचा (भोक नेमक्या मापाला गुळगुळीत करणारे हत्यार).

३. डाग तापवून फ्रेम सुट्या करा आणि मधे स्पेसर बसवा. चाकांच्या आतल्या दोन तोंडांमधले अंतर २८ मिमी ठेवायचे आहे. फ्रेम आत असेल तर तिची बाहेरची रुंदी २५ मिमीच्या आसपास ठेवा, म्हणजे दोन्ही बाजूंना जागा उरते. मधल्या अ‍ॅक्सलला १ मिमी आडवी मोकळीक द्या, पुढच्या-मागच्याला जेमतेम. जुळवणी करताना जाड काच वापरा. तीनही अ‍ॅक्सलवर चाके घालून काचेवर ठेवल्यावर एक जरी चाक अधांतरी राहिले, तर फ्रेम पिळली आहे. स्पेसरचे स्क्रू सैल करून पुन्हा आवळा.

४. रॉडची भोके ३.१ मिमी करा, मगच रॉडचा बाहेरचा आकार कानसाने काढा.

५. क्वार्टरिंग. उजव्या बाजूचा क्रँक डाव्याच्या ९० अंश पुढे किंवा मागे असतो. कोन नेमका ९० आहे की ८९, याने फारसे बिघडत नाही. तिन्ही अ‍ॅक्सलवर तो एकसारखा असला पाहिजे. त्यासाठी छोटी जिग करा: अ‍ॅल्युमिनियमचे दोन सारखे ठोकळे, दोन्हींत अ‍ॅक्सल बसेल अशी खाच, एकावर क्रँकपिन आडव्या रेषेत टेकेल असा खिळा, दुसऱ्यावर उभ्या रेषेत. चाके अ‍ॅक्सलवर रिटेनिंग लिक्विडने (धातूचे जोड पक्के धरणाऱ्या द्रवाने) बसवा. ते घट्ट व्हायला काही मिनिटे घेते, तेवढ्यात अ‍ॅक्सल जिगमध्ये ठेवायचा आणि हलवायचा नाही. उन्हाळ्यात ते फार लवकर धरते, म्हणून एका वेळी एकच अ‍ॅक्सल.

आता रॉड लावा, मोटर न लावता चासी काचेवर बोटाने ढकला. अडकली तर कुठे अडकते ते पाहा, त्यावरूनच कारण कळते. क्रँकपिन अ‍ॅक्सलच्या अगदी पुढे किंवा अगदी मागे, आडव्या रेषेत असताना अडकत असेल, तर रॉडचे अंतर अ‍ॅक्सलच्या अंतराशी जुळत नाही. क्रँक तिरके, ४५ अंशांच्या आसपास असताना अडकत असेल, तर क्वार्टरिंग चुकले. पूर्ण फेऱ्यात एकदाच अडकत असेल, तर एखादे चाक केंद्रातून हलले आहे किंवा क्रँकपिन वाकडी आहे. दोषी जोडी शोधायला रॉडचे पुढचे आणि मागचे अंग वेगवेगळे लावून पाहा.

अडकते म्हणून रॉडची भोके मोठी करत जाणे हा उपाय फार जण करतात. भोके ३.३ मिमीपुढे गेली की रॉड खडखडतात, आणि मोटर लावल्यावर तीच अडचण दुप्पट होऊन परत येते. चासी तीन अंशांच्या उतारावर हाताशिवाय, न थबकता घरंगळली पाहिजे. तोवर मोटरला हात लावू नका.

मोटर आणि बॅटरी

वेगाचा हिशोब आधी करा. समजा मूळ चाक ९१४ मिमी भरले. १:२४ ला ते ३८ मिमी, परीघ ११९ मिमी. २०० आरपीएमच्या गिअर मोटरने अ‍ॅक्सल थेट फिरवला तर सेकंदाला ०.४ मीटर, म्हणजे मूळ इंजिनाच्या ताशी ३४ किलोमीटरसारखा वेग. नॅरोगेजला तो शोभतो. खेळण्यातल्या आगगाडीसारखे धूम पळणारे मॉडेल कितीही सुबक असले तरी खोटे वाटते.

१२ व्होल्टची, २५ मिमी व्यासाची धातूच्या गिअरची मोटर फायरबॉक्समध्ये आडवी मावते. एन-२० नावाची छोटी गिअर मोटर स्वस्त आहे, पण दीड-दोन किलोच्या इंजिनाला ती कमी पडते. ती १:४८ साठी ठेवा. मोटरपासून अ‍ॅक्सलपर्यंत १:१ बेव्हल गिअर. बसवताना दातांमध्ये पातळ कागदाची पट्टी घालून गिअर एकमेकांना टेकवा, स्क्रू आवळा आणि चाक फिरवून कागद बाहेर काढा. राहिलेली फट बरोबर लागते तेवढीच असते.

वीज रुळातून न घेता टेंडरमधल्या बॅटरीतून घ्या. गावाकडे धूळ इतकी की रूळ रोज पुसावे लागतात, त्यात लोडशेडिंग. १८६५० आकाराचे तीन लिथियम सेल सिरीजमध्ये, प्रोटेक्शन बोर्डासह, ११.१ व्होल्ट देतात, चार्जर १२.६ व्होल्टचाच. वेग कमी-जास्त करायला पीडब्ल्यूएम कंट्रोलर (वीज झटक्या-झटक्यांनी देणारा). टिनाच्या छपराखाली मे महिन्यात बॅटरी ठेवू नका. बरेच दिवस वापरायची नसेल तर अर्धी चार्ज करून घरातल्या सगळ्यात थंड खोलीत ठेवा.

वजन वाटताना इंजिन मधल्या ड्रायव्हिंग अ‍ॅक्सलखाली बोटावर तोलून पाहा. पुढे झुकले तर बोगीवर भार जातो आणि ड्रायव्हिंग चाके जागेवरच फिरतात. शिशाचे तुकडे फायरबॉक्सच्या बाजूंना भरा. बोगीची स्प्रिंग इतकी मऊ हवी की ती चाकांना रुळावर टेकवील, इंजिन उचलणार नाही.

बॉयलर, कॅब, टेंडर

बॉयलरसाठी पाण्याचा पीव्हीसी पाइप चालतो. बाहेरचा व्यास ४० किंवा ५० मिमीचा मिळतो. तुमच्या मापापेक्षा लहानच घ्या आणि जाड कागद गुंडाळून हवा तेवढा वाढवा, वर ०.३ मिमी पितळेचे आवरण. पाइपवर बसवल्यानंतर आवरणाला डाग देऊ नका. पीव्हीसी मऊ पडते आणि बॉयलर केळ्यासारखा वाकतो. बँड, हँडरेलचे खांब आणि रिव्हेट आवरण सपाट असतानाच करून घ्या.

रिव्हेट उठवायला मिलिमीटरचा आलेख-कागद पत्र्याच्या मागे चिकटवा, खाली कठीण सागवानाची फळी, आणि बोथट केलेल्या कंपासच्या टोकावर एकसारखा हलका ठोका. मूळ अंतर ५० मिमी असेल तर मॉडेलवर साधारण २ मिमी. एक रिव्हेट ओळीबाहेर गेला की सगळ्या ओळीवर नजर तिथेच जाते, म्हणून तो तुकडा टाकून दुसरा करा. टेंडरच्या एका बाजूला अशा चार-पाच ओळी येतात. एका बैठकीत एकच ओळ केली तर हात स्थिर राहतो.

धुराडे आणि डोम लेथवर वळवून घ्या, पण बॉयलरवर बसणारा खालचा वक्र भाग स्वतः करा: पाइपवर सँडपेपर उलटा गुंडाळा आणि त्यावर डोम मागे-पुढे घासा.

प्रिंट केलेले भाग वापरायचे असतील तर पीएलए टाळा. ते ६० अंशांच्या आसपास मऊ पडते. मे महिन्यात बंद गाडीत किंवा टिनाखाली तेवढे तापमान सहज होते आणि धुराडे एका दुपारीत मान टाकते. पीईटीजी किंवा एबीएस घ्या.

रंग पावसाळ्यात देऊ नका. दमट हवेत एनसी रंग पांढरट पडतो. मे महिन्यात तो हवेतच सुकून खरखरीत बसतो. दिवाळी ते होळी हा रंगाचा हंगाम. पितळ आधी साबणाने धुवा, एच प्राइमरचा (धातूला धरून बसणाऱ्या अस्तराचा) पातळ हात द्या, मग मॅट काळा.

खरी वाफ हवी असेल तर

त्याच चासीवर वाफेचा बॉयलर बसवता येतो, पण ते दुसरे इंजिन म्हणून करा. तांब्याची नळी, सगळे जोड चांदीच्या झाळीचे. टिनचा डाग १८३ अंशांना वितळू लागतो. ४० पीएसआय दाबाची वाफच १४२ अंशांची असते आणि पाणी संपले की तापमान झपाट्याने चढते. सोनाराला झाळणे येते, मात्र बॉयलरचा जोड आतून-बाहेरून पूर्ण भरला आहे हे तुम्ही पाहायचे. पहिली चाचणी वाफेने कधीही करू नका: बॉयलर पाण्याने काठोकाठ भरा, हातपंपाने कामाच्या दुप्पट दाब द्या आणि दहा मिनिटे काटा हलतो का ते पाहा. पाणी भरलेला बॉयलर फुटला तर पाणी गळते, वाफेचा फुटला तर माणूस भाजतो. सेफ्टी व्हॉल्व्हशिवाय विस्तव लावायचा नाही.

पाणी बोअरचे वापरू नका. खारपाणपट्ट्यात तर मुळीच नाही. दोन-चार वेळा चालवले की पाण्याची पातळी दाखवणाऱ्या काचेची बारीक नळी क्षाराने बुजते आणि काच भरलेली दिसली तरी बॉयलर कोरडा असू शकतो. डिस्टिल्ड पाणी किंवा गाळलेले पावसाचे पाणी घ्या.

जमवताना आणि जपताना

संग्रह ब्रँडवर न जमवता मार्गावर जमवा. विदर्भाच्या तिन्ही गेज शेजारी मांडायच्या असतील तर १:८७ सोयीचे: ७६२ मिमीचे नॅरोगेज, अकोला-खंडवा मार्गाचे पूर्वीचे मीटरगेज ११.५ मिमी, आणि वर्धा-बडनेऱ्याचे ब्रॉडगेज १९.३ मिमी. मीटरगेजला वायपी वर्गाच्या इंजिनाची १३७२ मिमीची चाके १५.८ मिमी होतात, ब्रॉडगेजला डब्ल्यूपी वर्गाची १७०२ मिमीची १९.६ मिमी. बाजारातला १६.५ मिमीचा रूळ १४३५ मिमी गेजचा आहे. त्यावर उभी केलेली डब्ल्यूपी अंगाला जड आणि पायाने अरुंद दिसते. प्रदर्शनासाठी रूळ स्वतः घालणे बरे.

जुने मॉडेल घेताना खालून पाहा. जस्ताच्या ओतकामात केसासारख्या भेगा किंवा फुगवटा असेल तर घेऊ नका. मिश्रधातूतल्या अशुद्धीने तो आतून कुजत जातो आणि थांबवता येत नाही. मेर्क्लिन या जर्मन कंपनीचे जुने मॉडेल एसीवर चालते, ते डीसीच्या रुळावर ठेवायचे नाही.

उन्हाळ्यात कूलरच्या खोलीत काचेचे कपाट ठेवले की लोखंडी टायरवर आठवड्यात गंज धरतो. कपाट दुसऱ्या खोलीत हलवा किंवा सिलिका जेलच्या पिशव्या ठेवा आणि त्या दर महिन्याला कढईत परतून कोरड्या करा. घरात कापूस साठवला असेल तर त्याचे तंतू गिअरमध्ये शिरतात, तेलात भिजून दोरीसारखे वळतात आणि मोटर तापते. चिमट्याने ते ओढून काढा, मग नवे तेल द्या. शिलाई मशीनचे तेल चालते, प्रत्येक बेअरिंगला सुईच्या टोकाएवढे. खोबरेल हिवाळ्यात गोठते, ते वापरू नका.

प्रत्येक मॉडेलच्या तळाशी छोटी चिठ्ठी लावा: मूळ इंजिनाचा वर्ग आणि क्रमांक, प्रमाण, मोजमाप कुठे आणि केव्हा घेतले, कोणते भाग मोजून केले आणि कोणते अंदाजाने. रंग अंदाजाचा असेल तर तसे स्पष्ट लिहा. प्रदर्शनाला एसटीने नेताना इंजिन आणि टेंडर वेगळे करा, चाकांखाली फोम देऊ नका. भार फ्रेमखालच्या लाकडी ठोकळ्यावर घ्या, नाहीतर खड्ड्यांच्या रस्त्यावर बसलेल्या धक्क्यांनी क्रँकपिन वाकतात आणि क्वार्टरिंग पुन्हा करावे लागते.